बर्फातल्या पाऊलखुणा आणि उन्हाळी खून : सीझनच्या डिटेक्टिव्ह कथासंग्रहांची सुरुवात कुठून करायची

नोव्हेंबर संपत आला की इंग्रजी पुस्तकांच्या दुनियेत एक ठरावीक कव्हर सगळीकडे दिसायला लागतं. बर्फात बुडालेला बंगला, एका खिडकीत पिवळा दिवा, दारापर्यंत गेलेल्या पाऊलखुणा, आणि नावात खून, ख्रिसमस, बर्फ, मध्यरात्र यातले कुठलेतरी दोन शब्द. उन्हाळ्यात हेच पुस्तक निळ्या समुद्राचं आणि आरामखुर्चीचं कव्हर घालून परत येतं. आत दहा-पंधरा जुन्या डिटेक्टिव्ह कथा, वेगवेगळ्या लेखकांच्या, बऱ्याचशा सत्तर-शंभर वर्षांपूर्वीच्या. ज्यांना हे वाचायला सुरुवात करायचीय पण नक्की कुठलं घ्यावं, कुठल्या क्रमाने वाचावं, आणि यातलं खरंच चांगलं काय आणि नुसतं कव्हरच चांगलं काय हे कळत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. होम्स आणि पॉयरो ही नावं ऐकलेली असली तरी पुरे, बाकी काही माहीत असायची गरज नाही. शेवट फुटणार नाहीत याची काळजी घेतलीय.

आधी थोडं मागचं

ही सगळी भानगड मासिकांनी सुरू केली. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मासिकं ख्रिसमसला जाडजूड खास अंक काढायची, कारण घरात पाहुणे, रात्र मोठी, बाहेर थंडी, म्हणजे शेकोटीसमोर बसून कोणीतरी मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार, मग भुताच्या आणि रहस्याच्या गोष्टींना मागणी असायचीच. शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापून आला तोच मुळी अशा एका अंकात, १८८७ चा बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल, किंमत एक शिलिंग. त्या कादंबरीत ख्रिसमसचा काडीचाही संबंध नाही, पण अंक ख्रिसमसचा. म्हणजे कव्हर एक आणि आत भलतंच ही परंपरा तेव्हापासूनची आहे असं म्हणायला हरकत नाही!

पुढे १८९१ मध्ये स्ट्रँड मासिक निघालं, त्याच वर्षी जुलैपासून होम्सच्या लघुकथा त्यात यायला लागल्या, आणि मग दोन महायुद्धांच्या मधला काळ, ज्याला गोल्डन एज म्हणतात, त्यात अगाथा ख्रिस्ती (पॉयरो तिचाच), डोरोथी सेयर्स, मार्जरी ॲलिंगहॅम वगैरे लेखक मंडळी आली. वाचकाशी चीटिंग करायचं नाही, सगळे क्लू समोर ठेवायचे, हा आग्रह याच काळातला. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने दहा नियमच लिहून टाकले, आणि १९३० मध्ये लंडनला डिटेक्टिव्ह लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, त्याचा पहिला अध्यक्ष चेस्टरटन, फादर ब्राउन या पाद्री डिटेक्टिव्हच्या गोष्टी लिहिणारा. या संग्रहांच्या कव्हरवर क्लासिक लिहिलेलं असतं तेव्हा साधारण १८९० पासून १९५० पर्यंतचा हा पट्टा धरून चाला.

पायरी १ : संग्रह नंतर, आधी एकच गोष्ट

लगेच पुस्तक विकत घेऊ नका. कॉनन डॉयलची 'द ॲडव्हेंचर ऑफ द ब्लू कार्बंकल' काढा, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, लिब्रिव्हॉक्सवर ऑडिओसुद्धा आहे, स्वयंसेवकांनी वाचलेला. तासाभरात संपते. स्ट्रँडच्या जानेवारी १८९२ च्या अंकात आलेली ही गोष्ट घडते ख्रिसमसनंतर दुसऱ्या सकाळी, म्हणजे २७ डिसेंबरला. होम्सचा मित्र वॉट्सन शुभेच्छा द्यायला त्याच्याकडे जातो, तिथे एक चुरगळलेली जुनी हॅट आणि तिच्याबरोबर सापडलेल्या एका हंसाची हकीकत, आणि त्या हंसाच्या पोटातून निघालेलं चोरीचं निळं रत्न. (हंस म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतो तो राजहंस नव्हे, खायला पाळतात तो गूज.) रत्न हंसाच्या गळ्याजवळच्या अन्नाच्या पिशवीत सापडलं असं डॉयलने लिहिलंय आणि हंसाला तशी पिशवीच नसते हे वाचक गेली कित्येक वर्षं दाखवून देतायत, गोष्टीला त्याने काही फरक पडत नाही.

हीच गोष्ट आधी का, तर सीझनची डिटेक्टिव्ह कथा म्हणजे काय याचं हिच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही. यात एका पबने चालवलेला गूज क्लब आहे, गिऱ्हाइकांनी वर्षभर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि ख्रिसमसला प्रत्येकाला एक हंस मिळायचा. अख्खा तपास या साखळीवर चालतो, हा हंस कोणी दिला, त्याने कोणाकडून घेतला, ते कुठून आले. साध्या मंगळवारी ही गोष्ट घडूच शकली नसती. आणि शेवटी होम्स जो निर्णय घेतो तोही सणाचे दिवस आहेत म्हणूनच घेतो.

पायरी २ : ऋतू काढून बघा

मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात नव्या माणसाने शिकण्यासारखी ही एकच गोष्ट आहे, बाकी सगळं तपशील. गोष्ट वाचून झाली की डोक्यातल्या डोक्यात तिचा ऋतू काढून टाका, बर्फाच्या जागी कोरडा रस्ता ठेवा, ख्रिसमसच्या जागी कुठलाही वार ठेवा, आणि बघा कोडं उभं राहतं का. राहिलं तर ऋतू नुसता सजावटीचा होता. कोसळलं तर लेखकाने काम केलंय.

काही उदाहरणं घेऊ म्हणजे कळेल.

बर्फ. बर्फ ही डिटेक्टिव्ह लेखकाला फुकट मिळालेली वही आहे, जो चालतो तो लिहून जातो, आणि बर्फ कधी पडायचा थांबला हे माहीत असलं की वेळही कळते. 'द बेरिल कॉरोनेट' मध्ये होम्स तबेल्याच्या गल्लीतल्या बर्फावरून रात्री काय काय घडलं ते सगळं वाचून काढतो. हा झाला सरळ वापर. उलटा वापर म्हणजे जिथे पाऊलखुणा हव्यात तिथे नाहीत, किंवा कोणी आलंच नाही असं सगळे शपथेवर सांगतायत आणि खुणा मात्र आहेत. चेस्टरटनची 'द इनव्हिजिबल मॅन' वाचा, दारावर चार जण पहारा देतायत, चौघंही म्हणतात कोणी आत गेलं नाही, आणि बर्फात पावलं उमटलेली. जॉन डिक्सन कार हा माणूस तर अशक्य वाटणाऱ्या गुन्ह्यांचा बादशहा, कार्टर डिक्सन या नावाने लिहिलेल्या त्याच्या १९४० च्या 'द डिपार्टमेंट ऑफ क्वीअर कम्प्लेंट्स' मध्ये 'द फूटप्रिंट इन द स्काय' ही गोष्ट आहे, बर्फाच्याच कोड्याची.

बर्फाचा दुसरा उपयोग माणसं अडकवायला. रस्ता बंद, ट्रेन बंद, पोलीस उद्यापर्यंत येत नाहीत, म्हणजे खुनी आतल्यांपैकीच एक. निकोलस ब्लेकची 'अ प्रॉब्लेम इन व्हाइट' ही अशीच बर्फात अडकलेल्या ट्रेनची गोष्ट आणि तिची मजा म्हणजे ती एका जागी थांबते आणि वाचकालाच विचारते, सांगा कोण. उत्तर वेगळं छापलेलं असतं. नव्या वाचकाने ही नक्की करून बघावी, पेन घेऊन, पान न उलटता. (निकोलस ब्लेक म्हणजे सेसिल डे-लुइस, जो पुढे १९६८ मध्ये ब्रिटनचा राजकवी झाला. राजकवी बाजूला खुनाच्या गोष्टी लिहितोय ही कल्पनाच मला फार आवडते.)

आता उन्हाळा. 'द लायन्स मेन' मध्ये होम्स रिटायर होऊन ससेक्सच्या किनाऱ्यावर मधमाश्या पाळत बसलाय, वॉट्सन जवळ नाही म्हणून गोष्ट होम्स स्वतःच सांगतो, जुलै १९०७, मोठं वादळ होऊन गेलंय, किनाऱ्यावर पोहायला मस्त तळी तयार झालीयत, आणि एक माणूस पोहायला जातो आणि परत येताना कोसळतो. यातलं वादळ काढा, पोहणं काढा, काही म्हणजे काही उरत नाही. होम्सच्या गोष्टींमध्ये ही फार वरची धरत नाहीत लोक, आणि ते बरोबरही आहे, पण सीझनच्या चाचणीत ती पैकीच्या पैकी मार्क मिळवते.

याच्या उलट 'द कार्डबोर्ड बॉक्स'. ऑगस्टमधला भाजून काढणारा दिवस, पडदे अर्धे ओढलेले, थर्मामीटर नव्वदवर (फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात ३२ च्या आसपास, हसू नका, लंडनला ते खूप झालं). वातावरण एकदम झकास. पण गोष्ट म्हणजे खड्या मिठात ठेवलेले दोन कापलेले कान पोस्टाने कोणी पाठवले याची, आणि ती कुठल्याही महिन्यात चालली असती. आणि खरी गंमत पुढे आहे. ही गोष्ट डॉयलने पुस्तकातून वगळली, पण तिची सुरुवात त्याला सोडवेना म्हणून ती उचलून 'द रेसिडेंट पेशंट' ला चिकटवली गेली, आणि तिथे ऑगस्टचा झाला पावसाळी ऑक्टोबर, पण थर्मामीटर नव्वदचा नव्वदवरच राहिला! अजूनही काही आवृत्त्यांमध्ये ऑक्टोबरच्या पावसात वॉट्सन बिचारा उकाड्याबद्दल बोलत बसलेला सापडतो. ऋतू सजावटीचा असला की तो असा उचलून इकडून तिकडे ठेवता येतो.

फादर ब्राउनच्या 'द फ्लाइंग स्टार्स' मध्ये तर चोर स्वतःच हा मुद्दा मांडतो. फ्लँबो म्हणतो की आपण कलाकार आहोत, म्हणून ऋतूला आणि जागेला शोभेल असाच गुन्हा करत आलो, आणि आपला सगळ्यात सुंदर गुन्हा, जो शेवटचाही ठरला, तो ख्रिसमसचा होता. चोरी कोणी केली हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय, तरी गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवते.

पायरी ३ : संग्रह निवडताना अनुक्रमणिका वाचा, कव्हर नको

आता पुस्तक घ्यायला हरकत नाही. साधारण तीन प्रकार मिळतात.

एक, बऱ्याच लेखकांचा संग्रह, संपादकाने निवडलेला. यात नवख्यासाठी ब्रिटिश लायब्ररीची क्राइम क्लासिक्स मालिका सगळ्यात भरवशाची, संपादक मार्टिन एडवर्ड्स. २०१५ चा 'सायलेंट नाइट्स' हिवाळ्यासाठी, त्याच वर्षीचा 'रिसॉर्टिंग टू मर्डर' सुट्टीच्या गोष्टींसाठी, २०१६ चा 'क्रिमसन स्नो' परत हिवाळा. प्रत्येक गोष्टीआधी लेखकाबद्दल छोटीशी ओळख असते, आणि जे लेखक आता कोणाला आठवतही नाहीत ते तिथे भेटतात, माझ्या मते या मालिकेची खरी कमाई ती. 'सायलेंट नाइट्स' मध्ये ब्लू कार्बंकल, फ्लाइंग स्टार्स, डोरोथी सेयर्सची 'द नेकलेस ऑफ पर्ल्स' आणि वर सांगितलेली ट्रेनची गोष्ट, सगळं एकाच ठिकाणी आहे, म्हणून पहिलं पुस्तक एकच घ्यायचं असेल तर हे घ्या. अमेरिकन बाजूला ऑटो पेन्झलरने संपादित केलेला २०१३ चा 'द बिग बुक ऑफ ख्रिसमस मिस्टरीज' आहे, साठच्या आसपास गोष्टी, विनोदी, पारंपरिक, होम्सच्या धर्तीवरच्या अशा गटांमध्ये लावलेल्या. वजनदार आहे, झोपून वाचायचं पुस्तक नाही, आणि त्यात नवीन लेखकही आहेत, नुसतं जुनंच हवं असेल तर लक्षात ठेवा.

दोन, एकाच लेखकाच्या गोष्टी ऋतूप्रमाणे निवडून काढलेले संग्रह. अगाथा ख्रिस्तीचे असे हिवाळा, उन्हाळा, शरद, वसंत असे चारही निघालेत. दिसायला सुंदर, पण यातल्या गोष्टी तिच्या जुन्या संग्रहांमधूनच घेतलेल्या, त्यामुळे तुमच्याकडे ते जुने संग्रह असतील तर तुम्ही बहुतेक दुसऱ्यांदा पैसे देताय.

तीन, ज्यांच्या नावात सण आहे पण आत एकच गोष्ट सणाची. सगळ्यात ठळक उदाहरण ख्रिस्तीचंच १९६० चं 'द ॲडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग'. सहा गोष्टी, पाच पॉयरोच्या, एक मिस मार्पल या तिच्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्ह बाईची, आणि ख्रिसमसची फक्त पहिली. बाकीच्या वाईट नाहीत, चांगल्याच आहेत, पण सहाच्या सहा बर्फाळ बंगल्यांची अपेक्षा ठेवून बसाल तर चिडाल. ती पहिली गोष्ट मात्र वाचाच. पॉयरोला थंडीत खेड्यातल्या जुन्या वाड्यात जायचंच नसतं, आणि तो तयार होतो ते तिथे सेंट्रल हीटिंग आहे हे कळल्यावर.

अनुक्रमणिकेत काय बघायचं ते सांगतो. मूळ प्रकाशनाची वर्षं दिलीयत का बघा, दिली असतील तर संपादकाने कष्ट घेतलेत. तुम्ही आधी वाचलेल्या किती आहेत ते मोजा, कारण ब्लू कार्बंकल जवळपास प्रत्येक ख्रिसमस संग्रहात घुसलेली असते. आणि एकाच गोष्टीची दोन-दोन नावं असतात हे लक्षात ठेवा. ख्रिस्तीची पुडिंगची गोष्ट 'द थेफ्ट ऑफ द रॉयल रूबी' या नावानेही फिरते, आणि तिचं लहान मूळ रूप १९२३ मध्ये द स्केच मासिकात आलं होतं ते 'ख्रिसमस ॲडव्हेंचर' म्हणून, म्हणजे तीन नावं झाली. मिस मार्पलच्या 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' ला अमेरिकेत 'द ट्युसडे क्लब मर्डर्स' म्हणतात. जॉन डिक्सन कारची ती आकाशातली पाऊलखूण कुठे कुठे 'क्लू इन द स्नो' होते. ऑर्डर करायच्या आधी दोन मिनिटं शोध घ्या.

आणि एक, छापलेल्या महिन्यावरून गोष्टीचा ऋतू ओळखायला जाऊ नका. बेरिल कॉरोनेटचा बर्फ स्ट्रँडमध्ये पडला मे महिन्यात, कार्डबोर्ड बॉक्सचा ऑगस्ट छापला गेला जानेवारीत, आणि लायन्स मेनमधलं पोहणं डिसेंबरमध्ये. ब्रिटिश वाचक थंडीत कुडकुडत समुद्रस्नानाची गोष्ट वाचत होता.

पायरी ४ : घड्याळ आणि कॅलेंडर समजून घ्या

हे कोणी सांगत नाही आणि मग क्लू हातातून निसटतात. या बहुतेक गोष्टी इंग्लंडच्या, आणि तिथे डिसेंबरमध्ये लंडनला सूर्य चारच्या आधीच मावळतो. त्यामुळे चहाच्या वेळेला बागेत अंधार होता, कोणाचा चेहरा दिसला नाही, असं साक्षीदार म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये. उलट जूनच्या शेवटी सव्वानऊ वाजून गेले तरी उजेड असतो, रात्री जेवण झाल्यावर लोक टेनिस कोर्टवर फिरतायत आणि लांबून ओळखू येतायत हे नॉर्मल आहे. यातही बारकावा, घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत तिथे १९१६ पासूनची, त्यामुळे त्याआधीच्या गोष्टीत तोच सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास होणार. अॅलिबाय, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो हा दावा, तपासायची सवय लागली की हे फार कामाला येतं.

दिवसांची नावं. बॉक्सिंग डे म्हणजे २६ डिसेंबर, मारामारीशी संबंध नाही, फ्लाइंग स्टार्स त्या दिवशी घडते. त्यात घरातली मंडळी अचानक पँटोमाइम करायला घेतात, म्हणजे हार्लेक्विन, कोलंबाइन, विदूषक, आणि विदूषकाकडून मार खाणारा पोलीस अशी ठरलेली पात्रं असलेला धिंगाणा. पोलीस मार खातो हे त्या प्रकारात ठरलेलंच असतं, एवढं डोक्यात ठेवून गोष्ट वाचा, पुढचं मी सांगणार नाही. ख्रिसमस पुडिंगमध्ये नाणं, अंगठी, अंगुस्तान अशा वस्तू घालून शिजवायची पद्धत होती, ज्याला जे मिळेल त्यावरून त्याचं भविष्य. चोरीचं रत्न, आणि ज्यात वस्तू लपवायचीच पद्धत आहे असा पदार्थ, लेखकाला अजून काय हवं.

५ नोव्हेंबर म्हणजे गाय फॉक्स नाइट, सगळीकडे फटाके. ख्रिस्तीची 'मर्डर इन द म्यूज' याच रात्रीपासून सुरू होते आणि इन्स्पेक्टर जॅप चालता चालता बोलून जातो की खुनाला रात्र मस्त आहे, गोळीचा आवाज कोणाला ऐकू जायचा. ऑगस्ट बँक हॉलिडे जुन्या गोष्टींमध्ये ऑगस्टचा पहिला सोमवार असतो, आताच्यासारखा शेवटचा नाही.

आणि खेड्यातल्या वाड्यावर आठवडाभर राहायला आलेले पाहुणे, म्हणजे हाउस पार्टी. सेयर्सच्या मोत्यांच्या हाराची गोष्ट याच साच्यातली, ख्रिसमसचे खेळ चाललेत, हार गायब, बाहेरून कोणी आलेलं नाही, झडती घेतली तरी सापडत नाही. खेळात कोण कुठे बसलं होतं, कोण खोलीबाहेर गेलं होतं हे बारकाईने वाचा.

पायरी ५ : वाचायचं कसं

एका बैठकीत एक गोष्ट, फार तर दोन. सलग पाच वाचल्यात की सहाव्या वाड्यातला बटलर चौथ्या वाड्यातल्या बटलरशी मिसळतो आणि मग सगळंच सारखं वाटायला लागतं, ज्यांना हे संग्रह बोअर वाटतात त्यांनी बहुतेक एका वीकेंडला अख्खं पुस्तक उडवलेलं असतं.

एक कागद ठेवा. पात्रांची नावं, नातं, आणि हवामानाचं प्रत्येक वाक्य. हो, हवामानाचं. आपल्याला सवय असते वर्णन सोडून पुढे जायची, पण या प्रकारात संध्याकाळी बर्फ थांबला, सकाळी दव होतं, खिडकी उघडी होती कारण उकडत होतं, ही वाक्यं वर्णन म्हणून घातलेली असतात आणि पुरावा म्हणून परत येतात. 'द फाइव्ह ऑरेंज पिप्स' सप्टेंबरअखेरच्या वादळाने सुरू होते आणि तुम्हाला वाटतं हे नुसतं वातावरण आहे. शेवटचा परिच्छेद वाचून मग सांगा.

प्रस्तावना शेवटी वाचा. संपादक चांगला असला तरी कधी कधी कौतुकाच्या भरात एक वाक्य जास्त बोलून जातो.

भाषेचं म्हणाल तर ख्रिस्ती सगळ्यात सोपी, डॉयल जुना पण सरळ, सेयर्सची उमरावी गप्पागोष्टींची भाषा थोडी अडखळवते, चेस्टरटन सगळ्यात जड, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागेल, पण त्याची हिवाळी आकाशं आणि संध्याकाळी दुसऱ्या कोणाला जमलेल्या नाहीत. फादर ब्राउनच्या बाबतीत क्रमही पाळा, १९११ च्या 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन' मध्ये 'द ब्लू क्रॉस' पहिली, 'द क्वीअर फीट' तिसरी आणि फ्लाइंग स्टार्स चौथी. फ्लँबो कोण, तो आणि पाद्री एकमेकांना कसे ओळखतात हे माहीत असलं की चौथी गोष्ट दुप्पट चांगली लागते. संग्रहात ती एकटीच येते तेव्हा हे कळत नाही.

अजून एक सांगून ठेवतो, परदेशी माणसं, नोकर, ज्यू सावकार यांच्याबद्दल यातल्या बऱ्याच गोष्टी जे बोलतात ते आज वाचताना खटकतं, चेस्टरटनमध्ये तर जास्तच. काही संपादक सुरुवातीला सूचना देतात, काही देत नाहीत.

पायरी ६ : स्वतःचा संग्रह बनवा

मला यात सगळ्यात जास्त मजा येते. डॉयल आणि चेस्टरटन दोघांचं फुकट मिळतं, होम्सच्या ५६ लघुकथा आहेत, त्यातल्या बऱ्याच गोष्टींत महिना किंवा हवामान दिलेलं असतं, तेव्हा यादी करायला बसलात की एका संध्याकाळचं काम. मग ज्या ऋतूत गोष्ट घडते त्याच ऋतूत ती वाचायची, किंवा मुद्दाम उलट, भर उन्हाळ्यात बर्फाची, मला दुसरंच जास्त आवडतं.

हिवाळ्याची यादी सांगायची गरज नाही, वर सगळी आलीच, त्यात 'द ॲबी ग्रेंज' घाला, कडाक्याच्या थंडीत पहाटे होम्स वॉट्सनला हलवून उठवतो ती. शिवाय 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' मधली 'अ ख्रिसमस ट्रॅजेडी', मिस मार्पल स्वतः सांगते, आणि तिचा शांतपणा बघून थोडी भीती वाटते. शरदासाठी ऑरेंज पिप्स, म्यूज, आणि 'द गोल्डन पिन्स-ने', नोव्हेंबर १८९४ ची वादळी रात्र. उन्हाळ्याला लायन्स मेन, आणि ख्रिस्तीची 'द ब्लडस्टेन्ड पेव्हमेंट', कॉर्नवॉलचं मासेमारीचं गाव, चित्रकार बाई, वाळत टाकलेला पोहण्याचा ड्रेस. 'ट्रँगल ॲट ऱ्होड्स' ला लोक उन्हाळी गोष्ट समजतात पण पॉयरो गर्दी टाळायला मुद्दाम ऑक्टोबरअखेरीस तिथे गेलेला असतो. ऊन आहे, वाळू आहे, माणसं कमी, त्यामुळे संशयितही मोजके.

वसंत ऋतू मात्र या प्रकारात दुबळाच. 'द स्पेकल्ड बँड' एप्रिलची आहे, 'द डेव्हिल्स फूट' मार्चमधल्या कॉर्नवॉलची, दोन्ही जबरदस्त, पण वर सांगितलेल्या चाचणीत दोन्ही नापास, महिना बदलला तर काही बिघडत नाही. फुलं उमलणं आणि पक्षी गाणं यातून पुरावा काढणं अवघड असावं. वसंताचा संग्रह दिसला तर अपेक्षा कमी ठेवून घ्या.

बारा महिन्यांचं काही एकत्र हवं असेल तर एलरी क्वीनचं १९५२ चं 'कॅलेंडर ऑफ क्राइम' शोधा. एलरी क्वीन म्हणजे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे दोन कझिन. बारा गोष्टी, महिन्याला एक, आणि ऋतूंपेक्षा अमेरिकन कॅलेंडरवर जास्त भर, फेब्रुवारीत वॉशिंग्टनचा वाढदिवस, मार्चमध्ये इन्कम टॅक्स, ऑक्टोबरमध्ये हॅलोवीन, नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंग, डिसेंबरमध्ये दुकानातली मौल्यवान बाहुली, जी चोरणार म्हणून चोराने आधीच कळवलंय. सगळ्या सारख्या दर्जाच्या नाहीत, पण महिन्याला एक असं वर्षभर पुरवून वाचायला यासारखं पुस्तक नाही.

इंग्लंड-अमेरिकेचा कंटाळा आला की जपानकडे वळा. ओकामोतो किडो याने होम्स वाचून १९१७ पासून इन्स्पेक्टर हानशिचीच्या गोष्टी लिहायला घेतल्या, जुन्या एदो शहरातल्या, म्हणजे आताच्या तोक्योतल्या. म्हातारा हानशिची एका तरुण बातमीदाराला आपल्या जुन्या केसेस सांगतो, आणि त्यात कुठला सण होता, रस्त्यावर काय विकायला आलं होतं, पाऊस कसा होता हे इतकं येतं की गुन्हा सुटला तरी आपण त्या रस्त्यावरच रेंगाळतो. काही गोष्टींचं इंग्रजी भाषांतर झालंय, एका खंडात मिळतं.